पावणं, भांडी आणलायसा काय?

इंगवले सरांची बेल वाजवली की आतून पहिला प्रश्न येतो, "पावणं, स्वतःची भांडी आणलायसा काय?"

कोण, कुठून, काय काम हे सगळं नंतर. आधी भांडी. अनोळखी माणसाला पावणं म्हणायची आम्हा कोल्हापूरकरांची रीतच आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण भांड्यांचं ऐकलं की नवखा माणूस दारातच गडबडतो. कुरिअरवाला पाठीवरची पिशवी चाचपून बघतो. विमा विकायला आलेला माणूस घर चुकलं असं समजून मागं फिरतो. कुणी धीर करून "नाही आणली" म्हणालाच, तर सर दार उघडतात, तोंडभर हसतात आणि म्हणतात, "मग तुम्ही विषाणू. या, बसा."

एकदा आमचा सिलेंडर घेऊन आलेल्या गॅसवाल्यानं चुकून त्यांची बेल वाजवली. भांड्यांचा प्रश्न ऐकून तो वैतागून म्हणाला, "भांडी न्हाईत, सिलेंडर आणलाय की!" सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आवाज एकदम अदबीचा केला. "स्वतःचं इंधन स्वतः घेऊन फिरताय? म्हंजे तुम्ही जीवाणू. तुमचा मान येगळा. चहा घेणार?" आणि लगेच आमच्या खिडकीकडं तोंड करून हाक मारली, "सुनंदा, दोन चहा गं!"

सुनंदा म्हणजे मी. सरांच्या भिंतीला भिंत लावून राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. स्वभावानं फटकळ आहे असं सगळे म्हणतात, म्हणोत बापडे. चहाची हाक माझ्याकडं येते, कारण सरांच्या घरात चहाच होत नाही. त्यांच्या बायको, गिरिजाकाकू, गेल्यापासून त्यांनी स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली आहे. बाहेरच्या खोलीत एक खाट, पुस्तकं आणि एक फ्रीज. त्या एवढ्या मोठ्या फ्रीजमध्ये एक पाण्याची बाटली आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यात एक छोटी स्टीलची डबी, बस्स. डबीला कुणी हात लावायचा नाही.

सर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. त्यांचा जीव अडकला होता तो एकाच विषयात. विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीच्या केंद्रकातली प्रथिनं स्वतःच्या कामाला कशी जुंपतो, हा तो विषय. वर्गातली पोरं हातची गेली तसा त्यांनी गल्लीवर मोर्चा वळवला. आता आमच्या गल्लीत केंद्रक माहीत नाही असा माणूस नाही. कोपऱ्यावरचा भेळवाला उधारी मागणाऱ्याला म्हणतो, "भांडी न आणता आलायस, व्हय रं?"

सरांची शिकवायची तऱ्हा मात्र झकास. पुस्तक नाही, फळा नाही. त्यांना लागतं ते चालतं-बोलतं घर, आणि ते घर बहुतेक वेळा आमचं असतं.

"हे बघ सुनंदा," आमच्या सोप्यात, बाहेरच्या बैठकीत, खुर्ची ओढून बसत ते सुरू करतात, "हे तुझं घर म्हंजे पेशी. आतलं स्वयंपाकघर म्हंजे केंद्रक. सगळ्या पाककृती आत. काय, किती, कवा करायचं, सगळा हुकूम आतनं सुटतोय. आणि आत ज्या बायका राबतात ती केंद्रकातली प्रथिनं. एक निवडती, एक चिरती, एक मोजती, एक राखण करती. विषाणू म्हंजे काय? विषाणू म्हंजे नुसती एक पाककृती. ना हात, ना पाय, ना चूल. तोंडात पाककृती धरून दारात उभा ऱ्हातोय. करणार कोण? तुम्हीच की!"

"आणि आम्ही का करावं?" मी.

"कारण ते घरच्यागत बोलतंय. आत जाणाऱ्या माणसाची एक वळख असती. विषाणू तीच वळख अंगाला लावून येतोय. दारावरच्या बाईला वाटतंय, आपल्यातलंच हाय. हाताला धरून आत सोडती. एकदा उंबरा ओलांडला की मग काय, तुमचंच तेल, तुमचीच कढई, आणि वडं त्याचं!"

माझ्या सासूबाई त्या वेळी कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. सरांनी त्यांच्याकडं हात केला. "ह्या आत्ती बघ. घरातलं सगळ्यात महत्त्वाचं केंद्रकी प्रथिन." सासूबाईंना वाटलं, कसली तरी पदवी आहे. पुढच्या हळदीकुंकवाला त्यांनी तिघींना तरी सांगितलं, "म्या परथिन हाय. सरांनी सांगितलंय."

आता खरी गंमत. सर स्वतः कधीही कुणाच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत. त्यांच्या आईनं लहानपणी "पुरुषमाणसानं चुलीपाशी लुडबुडू नये" म्हणून जो चटका दिला, तो आजतागायत टिकला आहे. ते सोप्यातच बसतात आणि आतल्यांना बाहेर बोलावतात. एकदा असंच त्यांनी "अगं जरा बाहेर या की सगळ्याजणी!" अशी हाक दिली. आवाज असा की कुणाला काय झालं म्हणून मी, सासूबाई, नणंद पूनम, तिघी धावत बाहेर. सर शांतपणे बसलेले. तेवढ्यात आत सूंऽऽ आवाज आणि दूध सगळं ओट्यावरून खाली.

"बघा!" सर टाळी वाजवून उभे राहिले. "हे दुसऱ्या जातीचं विषाणू! हे आत जातच न्हाईत. उंबऱ्याची कडीच मोडतात, मग आतली माणसं आत थांबत न्हाईत, बाहेर येऊन ह्याच्या कामाला लागतात. आणि आतलं काम उघड्यावर!"

"सर, दूध वर येतंय हे ठावं होतं तुम्हाला?"

"वास आलता की."

मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही. दूधच नव्हतं.

पण ह्या शिकवणीनं पूनमचं लग्न मोडायची वेळ आली, तो किस्सा सांगायलाच हवा. गणपतीचे दिवस होते. मंडळाच्या पोरांना कार्यक्रम मिळेना, म्हणून सरांचं व्याख्यान ठेवलं. नेमकं त्याच संध्याकाळी पेठ वडगावहून पूनमला बघायला माणसं यायची होती. ती माणसं जरा लवकरच पोचली. आमचे हे घरात सतरंजी अंथरत होते, तोवर मंडळाच्या पोरांनी "पावणं, बसा की" म्हणत त्या सगळ्यांना मांडवात पहिल्या रांगेत बसवलं. मुलगा, मुलाचे आईवडील, मामा, आत्या.

आणि स्टेजवरून सर गरजत होते, "पावण्याला वळखा! गोड हासतंय, घरच्यागत बोलतंय, पण संगं स्वतःचं एक भांडं न्हाई! आत घेतलासा की तुमचीच पोरीबाळी त्याच्या कामाला लागतात! खातंय तुमचं, वाढतंय तुमच्यावर, आणि शेवटी घर फोडून भाईर पडतंय ते एकटं न्हाई, शंभर होऊन पडतंय! म्हणून म्या म्हणतो, पावणं आलं की आधी दार लावा!"

मुलाचा मामा उठला. "चला रं. आपल्यालाच म्हणालंय त्ये."

आम्ही गाडीमागं पळालो, हातापाया पडलो, काही उपयोग झाला नाही. पूनम उशीत तोंड घालून पडली. मी सरांच्या दारात जाऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्याकडं येऊन म्हणाले, "सुनंदा, एक पातेलं, एक तांब्या आणि चार वाट्या दे." कशाला, हे विचारायच्या आत पिशवी भरून एसटीनं वडगावला गेले. तिथं दारात उभं राहून पहिलं वाक्य, "पावणं, म्या स्वतःची भांडी घिऊन आलोय. म्या विषाणू न्हवं." मग पडवीत ती भांडी मांडून त्या कुटुंबाला त्यांनी दोन तास पेशी समजावून सांगितली. मुलाची आई हसून हसून लोटपोट झाली. लग्न ठरलं. पूनमच्या रुखवतात कुणीतरी सरांच्या नावानं एक वाटी ठेवली होती, तीसुद्धा माझीच.

तर अशा माणसानं तीन उन्हाळ्यांमागं चटणीत लक्ष घातलं, तेव्हा मला धडकीच भरली.

चटणी म्हणजे आमच्याकडं ताटातली डावी बाजू नव्हे. चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणाचं लाल तिखट. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, देठं मोडायची, वाळवायच्या, खोबरं-धणे-तीळ भाजायचे, कांदा तळायचा आणि सगळं डंकावर, म्हणजे मसाल्याच्या गिरणीत, कुटून आणायचं. गल्लीभर ठसका. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते दुसऱ्या घराला सांगायचं नाही. सांगितलं तरी एक जिन्नस गाळून सांगायचं.

त्या उन्हाळ्यात आमच्या मिरच्या वाळत होत्या, आणि सर सोप्यात येऊन बसले. खिशातून ती फ्रीजमधली स्टीलची डबी काढली. "प्रयोग करायचा हाय. तुम्ही तुमची चटणी करालाय, त्यात मूठभर माझ्या पाककृतीनं करून द्या. ह्या डबीत नमुना हाय. त्याच्याशी चव जुळली पायजे."

"कशासाठी?"

"सिद्ध करायला. पाककृती परकी, हात घरचं. तरी माल पाककृतीचाच निघतोय."

आम्ही करून दिली. सर बाहेरून जिन्नस ओरडत होते, आम्ही आत घालत होतो. शेवटी त्यांचा हुकूम, "तीळ जास्ती!" घातले. करून झाल्यावर त्यांनी नखावर मावेल एवढी डबीतली चटणी जिभेवर ठेवली, मग आमची ठेवली, डोळे मिटले आणि मान हलवली. "न्हाई जमलं."

मग ते शेजारच्या शेटे काकींकडं गेले. शेटे काकींचं किराणा दुकान आहे. मंडळी लिंगायत, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. तिथंही तोच प्रकार. मग समोरच्या घरी. मग त्यापुढच्या. दर घरी भांडी त्यांची, मिरची त्यांची, हात त्यांचे, आणि सरांचा बाहेरून गजर, "तीळ जास्ती!" कुठंच जमेना. पुढच्या वर्षी तीळ आणखी वाढले. शेटे काकी म्हणाल्या, "ही चटणी न्हाई ओ सर, संक्रांत हाय." मी तर घरात जाहीर करून टाकलं होतं की विषाणूवर आयुष्य काढून हा माणूस शेवटी स्वतःच विषाणू झाला आहे. तोंडात एक पाककृती धरून घरोघर फिरतो, चूल स्वतःची नाही, आणि आम्ही मूर्खासारख्या राबतो.

हे मी बोलत होते, तेव्हा सासूबाई शेजारीच बसून होत्या. आदल्या दिवशी सर खुर्चीत डबी उघडून बसले असताना सासूबाईंनी त्यांची नजर चुकवून बोट बुडवून चाखून बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "गपे. त्या डबीत गिरिजाची चटणी हाय."



गिरिजाकाकू तुमकूरच्या. सर तरुणपणी बंगळूरला शिकायला गेले होते, तिथल्या ग्रंथालयात त्या काम करायच्या. लग्न करून कोल्हापूरला आल्या, तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूच्या हाताखाली चटणी शिकल्या आणि शिकल्यावर तिच्यात स्वतःचं काहीतरी घालायला लागल्या. काय घालत होत्या ते गल्लीत कुणाला सांगितलं नाही. ही गल्लीची रीतच होती, ती त्यांनी बरोबर उचलली. पुढं एका पावसाळ्यात ताप आला. साधा ताप, पण विषाणूचा. आठवड्यात गेल्या. त्या विषयावर ज्यानं जन्मभर शिकवलं तो माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून होता, आणि त्याच्या उपयोगाला त्यातलं काही आलं नाही. 

काकूंच्या शेवटच्या बरणीतली उरलेली चटणी म्हणजे ती डबी. दर वेळी ताडून बघायला नखभर जात होती. डबी संपली की चव जुळली की नाही हे सांगणारं काही उरणार नव्हतं. चौथ्या उन्हाळ्यात, म्हणजे औंदा, सर आमच्याकडं आले तेव्हा डबीत तळाला चिमूटभर राहिली होती. त्यांनी ती मला दाखवली आणि एवढंच म्हणाले, "एकाच येळंला पुरंल."

म्हणजे एकच घर, एकच वेळ. त्यांनी आमचं घर निवडलं होतं. मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

सकाळी अंगणात मिरच्यांचा ढीग. मी, सासूबाई, शेटे काकी देठं मोडायला बसलो. सर कट्ट्यावर, डबी मांडीवर. एवढ्यात फाटक वाजलं आणि सरांनी सवयीनं विचारलं, "पावणं, स्वतःची भांडी आणलायसा काय?"

"व्हय, आणलो की," असं म्हणत एक मुलगी हातात हे मोठं पातेलं घेऊन आत आली.

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांत असं उत्तर देणारं हे पहिलंच माणूस. ही चैत्रा, शेटे काकींची नवी सून. मुलगा बंगळूरला नोकरीला होता, तिथंच दोघांचं जमलं, आणि आता घरूनच कॉम्प्युटरवर काम करत दोघं इथं राहायला आली होती. मराठी ती सासूकडून शिकत होती, त्यामुळं आमच्या बायकांसारखीच "मी आलो, मी गेलो" करायची. सासूनं तिला आमचं पातेलं परत द्यायला पाठवलं होतं, एवढीच गोष्ट.

"मग तुम्ही पावणं न्हवं," सर म्हणाले. "तुम्ही घरच्याच. बसा."

काम सुरू झालं. खोबरं भाजलं, कांदा तळला, आणि कट्ट्यावरून हुकूम आला, "तीळ जास्ती!" मी परातीत तीळ ओतले. "आणखी." आणखी ओतले. "आणखी घाल की गं." तेव्हा माझा तोल गेला. डबीतली ती चिमूट डोळ्यांपुढं होती, आणि हा माणूस त्याच खड्ड्यात चौथ्यांदा पडायला निघाला होता.

"सर, तीन वर्षं तीळ वाढवतोय! न्हाई जमलं! तीळ न्हवं ते, दुसरं कायतरी हाय! असली खात्री कोण दिली तुम्हाला?"

सर डबीकडं बघत म्हणाले, "तिनंच."

आणि सर सांगायला लागले.

"दर साली नवी चटणी झाली की म्या भाकरी घिऊन सोप्यात बसायचो. आणि आत हाक द्यायचो, गिरिजा, औंदा काय घातलंयस गं? डंकाहून चटणी आली की ती चाळत बसलेली असायची. आतनं ओरडायची, हुच्चा, एळ्ळु! मला कानडी फारसं न्हाई येत, पण एवढं येतंय. हुच्चा म्हंजे येड्या. एळ्ळु म्हंजे तीळ. येड्या, तीळ!" सर स्वतःशीच हसले. "गल्लीत मला सगळी सर म्हणायची. पोरं सर, प्राचार्य सर, भाजीवाली सर. येडा म्हणणारी ती एकटीच. मला ठावं झालंतं काय घालती ते, तरी दर साली इचारायचो. नुसतं ऐकाय."

 मी परातीतले तीळ उगीच हातानं सारखे करत बसले. आणि चैत्रा एकदम हसायला लागली. म्हणजे आधी तोंडावर हात धरला, मग आवरेचना. शेटे काकी तिच्यावर डोळे वटारत होत्या.

"सर, ते दोन न्हाई, एक शब्द हाय! हुच्चेळ्ळु!"

"म्हंजे?"

"हुच्चेळ्ळु! ते असतंय बघा, काळं, बारीक..." मराठी शब्द सापडेना. सासूकडं वळून ती कानडीत काहीतरी भराभर बोलली. शेटे काकी गोंधळल्या. "आमच्यात न्हाई बाई असलं काय म्हणत." तशी चैत्रा उठली आणि चप्पलही न घालता दुकानाकडं पळाली. आली ती मुठीत काहीतरी घेऊन. सासूपुढं मूठ उघडली.

"अगं बया! हे तर गुरेळ्ळु!" शेटे काकी ओरडल्या. "तुमच्याकडं ह्याला हुच्चेळ्ळु म्हणत्यात व्हय?"

सासूबाईंनी वाकून बघितलं. "कारळं की गं ही!"

कारळं! जवसाच्या शेजारी डब्यात पडून असतात ती. दोडक्याच्या भाजीत घालतो ती. तुमकूरकडची कानडी वेगळी, आमच्या सीमेवरची वेगळी, आणि ह्या दोन कानड्यांच्या फटीत गिरिजाकाकूंची चटणी एवढी वर्षं लपून बसली होती.

मग मी कुणाचं ऐकलं नाही. मूठभर चटणीपुरतं सगळं वेगळं काढलं, कारळं खमंग भाजली, आणि डंकापर्यंत जायला कुणाला धीर होता? खलबत्त्यात घातलं आणि कुटलं. कारळ्यांचा वास सुटला तसे सर कट्ट्यावरून उठले, दारापर्यंत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. मी वाटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी डबीतली ती शेवटची चिमूट जिभेवर ठेवली. डबी बोटानं पुसून घेतली. मग आमची ठेवली. डोळे मिटले. सासूबाई पुटपुटत होत्या, देवाचं नाव असावं.

"हीच," सर म्हणाले.

आम्ही आनंदानं ओरडलोच! शेटे काकींनी सुनेला मिठी मारली. मी सासूबाईंचे हात धरले, माझ्या हाताचं तिखट त्यांच्या हाताला लागलं आणि त्यांनी तोच हात डोळ्याला लावला, म्हणून त्या रडतच होत्या. निदान मी तसं धरून चालले. ह्या सगळ्या गोंधळात सर मात्र खाली उंबऱ्यावर बसलेले दिसले. रिकामी डबी हातात.

"सुनंदा," ते हळू म्हणाले, "म्हंजे मला हुच्चा म्हणतच न्हवती गं ती."

  चैत्राचं हसू कधीच मावळलं होतं. बिचारीला वाटलं, आपण काहीतरी फार मोठं मोडून ठेवलं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "सर, मी चुकलो काय?"

"न्हाई पोरी. तू बरोबर हाईस. म्या चुकलो." मग त्यांनी नाक पुसलं, आणि त्यांच्यातला शिक्षक एकदम जागा झाला. "आता बघा, विषाणूची पाककृती घरोघर उतरून घेतली जाती तवा चूक होतीच. पण चुकलेली नक्कल बी त्याचीच असती. चुकीसकट पुढं जाती." माझ्याकडं वळून म्हणाले, "कारळं घाल. पण मूठभर तीळ जास्तीच राहू देत."

तसंच केलं. आमची औंदाची सगळी चटणी कारळं आणि वर मूठभर तीळ घालून झाली. शेटे काकींची तशीच झाली. समोरच्यांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं, जिन्नस न गाळता. ह्या गल्लीत असं कधी झालं नव्हतं. आता बघावं त्या घरात गिरिजाकाकूंची चटणी आहे, आणि सरांना फ्रीजच्या त्या कप्प्याची गरज राहिलेली नाही. डबी त्यांनी मला देऊन टाकली. मी तिच्यात हळद ठेवते.

आणि एक नवंच सुरू झालं आहे. कुणी सुरू केलं ते मला माहीत आहे, पण ती कबूल करत नाही. सर हल्ली दुपारी गल्लीत फेरी मारतात. एखाद्या सोप्यात बसतात, पुढ्यात भाकरी येते, आणि ते आत हाक देतात, "काय गं, औंदा काय घातलंयसा?"

त्यांना माहीत असतं. आम्हालाही माहीत असतं की त्यांना माहीत आहे. तरी प्रत्येक घरातून, आतून, भांड्यांच्या आवाजावरून ओरडून उत्तर जातं, "हुच्चा, एळ्ळु!"

कानडी न येणाऱ्या आम्ही ते एका दमात म्हणून टाकतो. चैत्राला कानडी येते. ती 'हुच्चा' म्हणते, थांबते, सरांना तो शब्द पुरता ऐकू जाऊ देते, आणि मग तिळाचं नाव घेते.